शेजारची वाट

आमच्या स्टाफरूमच्या कपाटामागे प्लायवूडची एक फळी उभी असते. दोन फूट लांब, दोन फूट रुंद. डाव्या कडेला वीस खिळे, खालच्या कडेला वीस खिळे, आणि त्यांच्यामध्ये ताणून बांधलेलं लाल सूत. डावीकडचा सगळ्यात वरचा खिळा घ्यायचा आणि खालच्या कडेवरच्या, कोपऱ्यालगतच्या खिळ्याला जोडायचा. वरून दुसरा खालच्या दुसऱ्याला, तिसरा तिसऱ्याला. वीस सुतं, सगळी ताठ, एकही कुठं वाकलेलं नाही. फळी भिंतीला टेकवून चार पावलं मागं गेलं की मात्र सुतांच्या कडेनं एक देखणा बाक दिसायला लागतो. त्या बाकावर धागाच नाही. प्रत्येक सूत त्याला ओझरतं शिवून पुढं गेलेलं आहे, एवढंच.

सूत विकत आणावं लागलं नाही. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या माणसावर सूत विकत घ्यायची वेळ येऊच नये. शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यात कांडीवर उरलेलं शेवटचं सूत पोत्यात भरून ठेवतात, त्यातलं मूठभर मागून आणलं.

फळी केली ती क्लेरोच्या समीकरणापायी. अलेक्सी क्लेरो हा फ्रेंच गणिती. १७३४ सालचं त्याचं समीकरण आजही बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात आहे. मुलांना त्याची युक्ती तोंडपाठ असते: ‘पी’च्या जागी ‘सी’ घाला, उत्तर आलं. पी म्हणजे त्या जागचा चढ, सी म्हणजे कुठलाही एक ठराविक आकडा. प्रत्येक आकड्याला एक सरळ रेषा मिळते. म्हणजे फळीवरचं एकेक सूत. पण याच समीकरणाला आणखी एक उत्तर असतं, ज्यात सी येतच नाही. पुस्तकात ते शेवटच्या दोन ओळींत उरकलेलं असतं आणि वेळ कमी पडला की मुलं नेमकं तेच गाळतात. तो फळीवरचा बाक. सगळ्या सरळ उत्तरांनी मिळून घडवलेलं, आणि त्यातल्या एकाच्याही मालकीचं नसलेलं उत्तर.

मीही ते गाळलं होतं. आम्हाला शिकवणारे एक सर फार शिस्तीचे होते. समीकरण फळ्यावर लिहायचे आणि विचारायचे, “प्रकार कुठला?” प्रकार ओळखला की पद्धत ठरलेली, पद्धत ठरली की पाच पायऱ्या ठरलेल्या. मंडईत वांगी निवडावीत तशी आम्ही समीकरणं निवडायला शिकलो: हे सेपरेबल, हे एक्झॅक्ट, हे लिनिअर. मार्क चांगले पडले. त्या समीकरणाखाली काही जमीन असते, हे एम.एस्सी. होऊन शिकवायला लागल्यावर काही वर्षांनी कळलं. सरांवर राग नाही. त्यांनाही बहुधा तसंच शिकवलं गेलं असणार. पण त्या शिकवण्यात एक मोठी गोष्ट राहून गेली आणि ती राहिली याची चुटपुट मला अजून लागते.

अवकल समीकरण म्हणजे काय, हे समजावायला मी वर्गात सोलापूरचा पत्ता विचारतो. नवख्या माणसानं अशोक चौकात उभं राहून पत्ता विचारला, तर त्याला अख्खी वाट कुणी सांगत नाही. “सरळ जावा की, पुढं विचारा.” तो पुढं जातो, पुढचा सांगतो, “असंच सरळ जावा.” प्रत्येक जागी एक माणूस उभा आणि प्रत्येकाला फक्त पुढचं पाऊल माहीत. अवकल समीकरण तेवढंच असतं: इथं असशील आणि अशा वेगानं आलेला असशील, तर पुढं इतकं वळ. या सगळ्या पुढच्या पावलांना जोडून जी वाट होते, तिला आपण उत्तर म्हणतो.

गंमत त्या ‘सरळ’ शब्दात आहे. सांगणारा “सरळ जावा” म्हणतो तेव्हा रस्ता बहुधा सरळ नसतोच. कुठं देवळाला वळसा घालतो, कुठं बंद गिरणीच्या भिंतीला लागून वाकतो. तरी सांगणाऱ्याच्या मनात आणि ऐकणाऱ्याच्या पायात तो सरळच असतो. म्हणजे ‘सरळ’ कशाला म्हणायचं हे जमिनीनं ठरवलेलं असतं आणि पुढचं पाऊल त्यातून येतं. भूमिती आधी, समीकरण मागून. निदान मला बरीच वर्षं हा क्रम असाच वाटत होता.

हा क्रम हाताला लागावा असा अनुभव एका कटिंग मास्तरांकडे आला. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते. पण अलीकडं इथला मोठा धंदा गणवेशाचा आहे. शाळेचे शर्ट, दवाखान्याचे डगले, सिक्युरिटीवाल्यांचे निळे कपडे. मास्तर मूळचे विणकर घराण्यातले, घरी तेलुगू बोलणारे, मराठी अस्सल सोलापुरी. त्यांच्या टेबलावर कापडाचे थर रचलेले होते. मी विचारलं, कापड अंगावर बसतं कसं? अंग तर सपाट नसतं.

“सर, कापडाला दोनच दिशेचा हट्ट असतोय,” ते म्हणाले. एक तुकडा उचलून त्यांनी ताण्याच्या दिशेनं ओढला. “उभं ओढा, येत नाय.” मग बाण्याच्या दिशेनं. “आडवं ओढा, येत नाय. आता बघा.” दोन समोरासमोरचे कोपरे धरून त्यांनी तिरपं ओढलं आणि तुकडा हातभर लांब झाल्यासारखा झाला. “उरेबात ओढा, पाहिजे तेवढं येतंय. खांदा, काख, गळा, समदं उरेबावर चालतंय.”

घरी येऊन मी मांजरपाटाच्या तुकड्यावर स्केचपेननं एकेक सेंटीमीटरची चौकट आखली आणि तो मुलाच्या फुटबॉलवर पसरून हातानं दाबत बसवला. बरोबर मधून जाणारे दोन मुख्य धागे, एक उभा एक आडवा, यांच्यावर चौकोन चौकोनच राहिले. पण त्यांच्यापासून तिरपं बाहेर जावं तसतसे चौकोनांचे शंकरपाळे होऊ लागले. बाजू सगळीकडं तेवढ्याच, एकेक सेंटीमीटर. बदलत होता तो फक्त कोन. कोनमापक लावून मोजलं, तर काटकोनापासून सुरू होऊन कोन हळूहळू मिटत चालला होता. आणखी खाली दोन धागे जवळजवळ एकमेकांवर आले. तिथं कापडानं हात टेकले आणि चुणी पडली.

रशियाचा पाफनुती चेबिशेव्ह १८७८ साली पॅरिसच्या एका विज्ञान परिषदेत बोलायला उभा राहिला तो याच विषयावर: कपडे कसे बेतावेत. त्याच दशकात सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहत होती, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मला आपलं मनात येतं. चेबिशेव्हचं म्हणणं मास्तरांच्या म्हणण्यापेक्षा वेगळं नव्हतं. धागा लांबत नाही, कोन बदलतो. फक्त तो किती बदलतो याचा हिशेब त्यानं मांडला. ताण्याच्या दिशेनं एक पाऊल आणि बाण्याच्या दिशेनं एक पाऊल जाताना कोनात जो फरक पडतो, तो त्या जागच्या वक्रतेला कोनाच्या साइननं गुणून येतो, चिन्ह उलटं. हे झालं अवकल समीकरण. टेबलावर वक्रता शून्य, म्हणून कोन हलत नाही. चेंडूवर वक्रता धन, म्हणून कोन मिटतो. घोड्याच्या खोगिरावर ऋण, म्हणून तिथं तो उघडत जातो. अख्खा चेंडू एका तुकड्यात बसत नाही. चेबिशेव्हनंही चेंडूसाठी दोन तुकड्यांचं कापडी आवरण तयार केलं. गल्लीत पोरं ज्या टेनिस बॉलनं क्रिकेट खेळतात, त्याची लोकरही दोनच तुकड्यांची असते. बघा निरखून.

मास्तरांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मग बरोबरच की.” त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

माझ्या दृष्टीनं अर्धाच झाला होता. कापडाच्या गोष्टीत जमीन आधी दिलेली असते: हा चेंडू, हे अंग, हे खोगीर. तिच्यावरून समीकरण निघतं. उलट दिशेनं जायचं असेल तर? समीकरण हातात आहे, वाटा कशा चालतात ते माहीत आहे, पण खालची जमीन कुणी दाखवलेली नाही. नुसत्या वाटांवरून ती सांगता येईल का?

हा प्रश्न ज्यानं धसाला लावला तो माणूस आपला होता. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव घेतलं की लोकांना प्राचीन भारताचा इतिहास आठवतो, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती आठवते, कुणाला आहत नाणी तोलणारा संशोधक आठवतो. ते पोटापाण्याला गणिताचे प्राध्यापक होते हेही ऐकून माहीत असतं. पण गणितात त्यांनी काय केलं असं विचारलं की बहुतेक ठिकाणी विषय बदलतो. जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातल्या कोसबेंचा. वडील धर्मानंद कोसंबी, बौद्ध साहित्याचे आणि पालीचे पंडित. मुलाचं शिक्षण अमेरिकेत, १९२९ साली हार्वर्डची पदवी. परत आल्यावर बनारस, मग अलीगढ, मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात बारा वर्षं आणि १९४५ पासून १९६२ पर्यंत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था.

अलीगढला त्या वेळी गणित विभागाची सूत्रं आंद्रे वेईल या पंचविशीतल्या फ्रेंच गणित्याकडं होती. त्याच्या चिथावणीवरून कोसंबींनी १९३१ साली एक लेख छापला, त्यात ‘डी. बूर्बाकी’ नावाच्या, कधीच न जन्मलेल्या रशियन गणित्याच्या प्रमेयाचा हवाला दिला. पुढं फ्रान्सच्या तरुण गणित्यांनी सामूहिक टोपणनाव म्हणून बूर्बाकी हेच नाव घेतलं आणि ते जगभर गाजलं. गणिताच्या छापील लेखात ते पहिल्यांदा आलं ते मात्र संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत, एका गोंयकाराच्या सहीनं. कोसंबींचा हा खट्याळपणा मला त्यांच्या करड्या लेखनाइतकाच आवडतो. आणि तो लेखही होता भूमितीवरच.

मूळ काम १९३३ चं. ‘माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकाच्या ३७व्या खंडात कोसंबींचा अकरा पानी लेख आहे, पान ६०८ ते ६१८. पान ६१९ उघडलं की पुढचा लेख त्याच लेखावरची चार पानांची टिपणी आहे आणि ती एली कार्टान यांची आहे. त्या काळी भूमितीत कार्टानपेक्षा मोठं नाव शोधावं लागलं असतं. पंचविशीतल्या माणसाच्या लेखाला पाठोपाठ असं उत्तर मिळणं ही साधी गोष्ट नव्हे. १९३९ साली चिनी गणिती शिंग-शेन चेर्न यांनी ते काम पुढं नेलं. आज या सगळ्याला ‘केसीसी सिद्धांत’ म्हणतात: कोसंबी, कार्टान, चेर्न. पहिला ‘के’ आपला.

कोसंबींच्या आधीही वाटांची भूमिती होती. रीमान यांनी १८५४ साली अंतर मोजायची पद्धत ही भूमितीचा पाया मानली; अंतर ठरलं की सरळातली सरळ वाट ठरते. पुढं प्रिन्स्टनच्या गणित्यांनी अंतर बाजूला ठेवून थेट वाटांपासून सुरुवात केली, पण त्या वाटांच्या समीकरणांनी एका ठराविक साच्यात बसायला हवं होतं. कोसंबींनी साचाच काढून टाकला. समीकरण कुठल्याही घाटाचं असो. एवढंच सांगा की इथं असताना, या वेगानं जाताना, वेग कसा बदलतो. बाकीचं आम्ही बघू.

बाकीचं म्हणजे काय बघायचं? समीकरण तर आपण निवडलेल्या पत्त्यांवर अवलंबून असतं. महापालिकेनं घरांचे नंबर बदलले तर सगळे कागद बदलतात, पण पाटलांच्या घराला लागून गुंडलांचं घर असतं ते तसंच राहतं. नंबर कितीही फिरवले तरी न बदलणारं जे उरतं, त्याचं नाव भूमिती. अशा न बदलणाऱ्या राशी या सिद्धांतात पाच निघतात. चार मी इथं सोडून देतो. दुसरी मात्र सोडवत नाही, कारण सगळी गोम तिच्यात आहे. एका वाटेवरून चालणारा माणूस आणि त्याच्या अगदी शेजारच्या वाटेवरून चालणारा माणूस, यांच्यातलं अंतर पुढं कसं बदलत जाईल, हे ती राशी सांगते.

ती पाहायला मला जर्मन नियतकालिक लागत नाही. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा पुरते. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांच्या मानाच्या सात काठ्या निघतात. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करणारे हे नंदीध्वज तीस फुटांच्या आसपास उंच. पांढऱ्या बाराबंदीतला एक माणूस काठी उभी पेलत चालतो, बाकीचे भोवतीनं सावध. जत्रेच्या कितीतरी आधीपासून त्यांचा सराव सुरू होतो आणि संध्याकाळी रस्त्यात काठी पेलणारी पोरं दिसू लागली की थंडी आली समजायचं.

आता घरी एक फुटाची पट्टी बोटावर उभी करून बघा. जमत नाही. सारख्या जाडीची काठी बुडावर उभी धरली तर तिचा कल पावणेतीनपट व्हायला किती वेळ लागतो, हे साध्या समीकरणावरून निघतं. एक फुटाच्या पट्टीला साधारण सेकंदाचा सातवा भाग. डोळ्यानं पाहून हात हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो. तोवर पट्टी खाली. तीस फुटांच्या काठीला हाच वेळ पाऊण सेकंदाच्या वर मिळतो, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळानं वाढतो आणि तीसचं वर्गमूळ साडेपाचच्या जवळ. नंदीध्वजाच्या शेंड्याला साज असतो, म्हणून तो याहून जरा सावकाश कलत असणार. उंच काठी पेलणं सोपं असं मी म्हणत नाही. ते वजन कमरेत, मनगटात काय करतं हे पेलणाऱ्यालाच ठाऊक. पण आखूड काठी कुणालाच पेलता आली नसती.

कोसंबींची दुसरी राशी या काठीसाठी काढली तर ती उभ्या स्थितीत धन येते. म्हणजे शेजारची वाट दूर दूर जाते. आज केसभर कललेली आणि केसभर जास्त कललेली, या दोन काठ्या क्षणात एकमेकींपासून फाकतात. हीच काठी वरच्या टोकाला टांगून लोंबती सोडली तर राशी ऋण, आणि शेजारच्या वाटा फिरून फिरून जवळ येतात. देवळातली घंटा हलवून सोडली की ती परत मधे येते, तसं. एकच काठी, एकच समीकरण. उभी असताना राशीचं चिन्ह एक, लोंबताना दुसरं. पेलणारा माणूस मिनिटाला कितीतरी वेळा त्या धन राशीशी झुंजत असतो. बाराबंदीच्या आत त्याचा घाम सुटलेला असतो.

एकट्या वाटेकडं कितीही टक लावून पाहिलं तरी तिच्यावरून जमीन कळत नाही. विषुववृत्तावरून एकच माणूस उत्तरेकडं नाकासमोर चालत निघाला तर त्याला पृथ्वी सपाट वाटली तरी चालेल. दोघं शेजारी शेजारी, समांतर निघाले, कुणीही वळलं नाही, आणि तरी ध्रुवाशी जाऊन एकमेकांना धडकले, तेव्हा कळतं की खालची जमीन गोल आहे. वक्रता शेजाऱ्यावरून ओळखायची. माझ्या त्या लाल सुतांच्या फळीवरही एका सुतात बाक दिसत नाही. शेजारचं सूत किती सरकलंय त्यात तो दिसतो. हे मला ज्या दिवशी नीट कळलं, त्या दिवशी एम.एस्सी.च्या जुन्या वह्या काढून बसलो होतो आणि बायको म्हणाली, “आता कशाची परीक्षा आहे?”

केसीसीची ही शेजाऱ्यांची तपासणी आज हवामानाच्या समीकरणांना लावतात, विश्वरचनेच्या प्रारूपांना लावतात; पीटर अँटोनेली यांनी ती जीवशास्त्रात नेली. तो पसारा मोठा आहे, त्यात शिरत नाही. मला कोसंबींच्या पायांबद्दल बोलायचंय.

हा माणूस चालायचा. पुण्याभोवतीच्या टेकड्या, लेण्यांचे डोंगर, गावाबाहेरच्या पाऊलवाटा. जमिनीवर गारगोटीची नखाएवढी अश्मयुगीन हत्यारं वेचायची, ती कुठं दाट सापडतात ते टिपायचं, आणि गावापासून लांब, वाटांच्या तिठ्यावर शेंदूर माखलेली आई का बसवलेली असते, असा प्रश्न विचारायचा. १९६२ साली आलेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या पुस्तकात हे सगळं आहे, आणि त्यात पंढरीच्या वारीवरही एक प्रकरण आहे. प्रश्न असा: शेतकऱ्याच्या देवाची जत्रा ऐन पेरणीच्या दिवसांत का? ज्या आठवड्यात बैल आणि माणूस दोघंही शेतात हवेत, त्याच आठवड्यात सगळे घर सोडून पंधरा-वीस दिवस चालत का निघतात? कोसंबींचा तर्क असा की ही वाट नांगराच्या आधीची आहे. पावसाळ्यात मावळतीकडच्या ओल्या मुलखात मेंढरांचे खुर कुजतात, म्हणून धनगर कळप घेऊन उगवतीच्या कोरड्या पठारावर उतरतात आणि पाऊस सरला की परततात. हजारो वर्षांच्या त्या येण्याजाण्यानं वाटा पडल्या, त्यांच्या कडेनं हत्यारं सांडली, आया बसल्या आणि शेवटी पालख्याही त्याच अंगानं चालू लागल्या. तर्क सगळ्यांना पटला असं नाही. पण विठ्ठलाचं मूळ गोपजनांत, धनगरांत शोधण्याचं काम पुढं रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये किती खोलवर नेलं, ते मराठी वाचकाला माहीत आहे.

तो कोरडा मुलूख म्हणजे आमचा जिल्हा. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस. आजही जूनमध्ये रस्त्यावर मेंढरं आडवी येतात आणि एस.टी. थांबते. मागं शिंगराच्या पाठीवर कोंबड्या, पातेली आणि एखादं पोर.

हत्यारं वेचणारा आणि समीकरणं लिहिणारा एकच होता, हे लक्षात आलं तेव्हा मी जरा थबकलो. दोन्हीकडं रीत तीच दिसते. जमीन कुणी सांगत नाही; वाटा आहेत, त्यांच्यावरून जमीन काढायची. हा सांधा माझा आहे, तो कोसंबींच्या माथी मारू नका. ताणला तर तुटेलही. मेंढरू काही समीकरण पाळत नाही, आणि पालखीचा मुक्काम पाणी, मैदान आणि मानकरी बघून ठरतो.

तरी एकदा मी वाखरीला गेलो होतो, पालख्या पंढरपुरात शिरायच्या आदल्या दिवशी. आळंदीची माउलींची आणि देहूची तुकोबांची पालखी पुण्यात शेजारी शेजारी मुक्कामाला असतात. हडपसरला त्या वेगळ्या होतात. एक दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटणवरून येते; दुसरी यवत, बारामती, इंदापूर, अकलूजवरून. मधे काही दिवस दोघींत कित्येक मैलांचं अंतर असतं. वाखरीला त्या परत एकत्र येतात, आणि इतर दिशांनी निघालेल्या मुक्ताबाई, निवृत्तिनाथ, सोपानकाका, एकनाथ, सगळ्यांच्या पालख्या तिथं येऊन मिळतात. माझ्या शेजारी एक म्हातारे वारकरी तळपायाला तेल चोळत बसले होते. मी विचारलं, “माउली, एवढी वाट पाठ कशी असते?”

“वाट कोण पाठ करतंय,” ते म्हणाले. “पुढच्याच्या पाठीकडं बघायचं आन् शेजारच्याच्या खांद्याला खांदा ठेवायचा.”

मी वहीत लिहून घेतलं. त्यांनी वहीकडं पाहिलं आणि तेलाची बाटली पुढं केली.

आता एक हिशेब, ज्यावरून काही सिद्ध होत नाही. आपल्या पंचांगात सूर्य आणि चंद्र दर एकोणीस वर्षांनी जवळपास त्याच तारखांवर परत जुळतात. २०२३ साली श्रावण अधिक होता आणि आषाढी एकादशी २९ जूनला आली होती. एकोणीस त्रिक सत्तावन्न. सत्तावन्न वर्षं मागं गेलं की १९६६. त्याही वर्षी श्रावण अधिक होता, म्हणजे एकादशी फार तर एखाद्या दिवसानं मागंपुढं. दामोदर कोसंबी पुण्यात गेले ती तारीख २९ जून १९६६.